आधी निचरा, मग मिकी



डिस्ने वर्ल्डची ट्रिप कशी आखावी हे सांगायला आपल्यात माझ्यापेक्षा अनुभवी लोक भरपूर आहेत. कुठली राइड सकाळी घ्यायची, कुठली फटाके सुरू झाल्यावर, घरून थेपले न्यायचे की नाही, यावर मी नवीन काही सांगू शकेन असं वाटत नाही. मी लिहितोय ते ती जागा मुळात कशी उभी राहिली याबद्दल. आणि हा अभ्यास मला का करावा लागला, ते आधी सांगतो.

गेल्या वर्षी बाबा आमच्याकडे अटलांटाला आले होते. आई गेल्यानंतरची त्यांची पहिलीच फेरी. "नातीला मिकी माऊस दाखवायला मी येणार आहे" हे आईचं फोनवरचं ठरलेलं वाक्य. ते राहूनच गेलं. म्हणून आम्ही ठरवलं की या वेळी जायचंच. सवयीप्रमाणे मी एक्सेल शीट केली. चार दिवस, चार पार्क, तासागणिक रकाने, रंग वगैरे. मोठ्या अभिमानाने बाबांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिली आणि म्हणाले, "छान आहे. तुम्ही तिघं जाऊन या. मी घर सांभाळतो."

कारणं दोन. एक म्हणजे तिकीट. एका माणसाचं एका दिवसाचं तिकीट शंभर डॉलरच्या वर, आणि बाबांचं रुपयात गुणणं अजून सुटलेलं नाही. "दहा हजार रुपये देऊन मी बाकावर बसू?" दुसरं कारण गुडघे, ते मात्र ते बोलले नाहीत. बायकोने व्हीलचेअरचा विषय काढला तर उठून बाल्कनीत गेले.

बाबा पाटबंधारे खात्यातले. १९७६ साली नोकरीला लागले ते जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर. पुढची सगळी नोकरी कालवे, चाऱ्या आणि गेटं यांच्यात गेली. त्या रात्री चहा पिताना मी सहज म्हणालो, "बाबा, ती सगळी जागा पूर्वी दलदल होती म्हणे."

त्यांनी कप खाली ठेवला. "मग पाणी कुठे काढलं?"

मला सांगता येईना. झालं, पुढचे दोन आठवडे ऑफिसचं काम आटोपलं की मी हेच वाचत होतो, आणि रोज रात्री त्यांना हप्त्याहप्त्याने सांगत होतो.

सुरुवात फ्लोरिडात नाही, कॅलिफोर्नियात होते. १७ जुलै १९५५ ला ॲनाहाइमला डिस्नेलँड उघडलं, संत्र्यांच्या बागांच्या साधारण १६० एकर जागेवर. पार्क जोरात चालला. पण बघता बघता त्याच्या चारी बाजूंना मोटेलं, खाणावळी आणि दिव्यांच्या पाट्या उभ्या राहिल्या. गर्दी खेचायची डिस्नेने आणि पैसे करायचे शेजाऱ्यांनी! वॉल्ट डिस्नेला ते बकालपणही सहन होईना. पुन्हा काही बांधायचं तर आधी भरपूर जमीन हातात पाहिजे, हा धडा तो तिथे शिकला.

२२ नोव्हेंबर १९६३ ला तो विमानातून ऑर्लंडोच्या आसपासची जमीन पाहत होता. खाली दलदल, तळी, सायप्रसची झाडं, आणि जवळच दोन मोठे महामार्ग एकमेकांना छेदतायत. त्याला हवं होतं ते हेच. परतीच्या वाटेवर विमान न्यू ऑर्लिन्सला उतरलं तेव्हा केनेडींच्या हत्येची बातमी कळली. तो दिवस जगाच्या लक्षात राहिला तो त्यासाठी. डिस्ने वर्ल्डची जागा त्याच दिवशी मनात पक्की झाली, हे फार थोड्यांना माहीत असतं.

मग खरेदी सुरू झाली, पण डिस्नेचं नाव न घेता. वेगवेगळ्या नावांच्या कागदी कंपन्या काढल्या. त्यातल्या एकीचं नाव 'आयफोर कॉर्पोरेशन', म्हणजे शेजारून जाणाऱ्या आय-फोर महामार्गावरूनच केलेला विनोद. गावात अफवा उठल्या. कोणी म्हणे फोर्ड येतंय, कोणी म्हणे विमानांचा कारखाना. शेवटी ऑर्लंडोच्या वर्तमानपत्रातल्या एमिली बाव्हार या पत्रकार बाईंनी वॉल्टलाच गाठून प्रश्न विचारले. तो नाही म्हणाला, पण त्या भागाबद्दल त्याला नको इतकी माहिती होती! ऑक्टोबर १९६५ मध्ये त्यांच्या पेपरने बातमी फोडली. १५ नोव्हेंबर १९६५ ला वॉल्ट आणि त्याचा मोठा भाऊ रॉय यांनी गव्हर्नरच्या शेजारी बसून अधिकृत घोषणा केली. तोवर २७ हजारांहून जास्त एकर घेऊन झाले होते, सुमारे ५० लाख डॉलरमध्ये. म्हणजे सरासरी एकरी दोनशे डॉलरही नाहीत. अंदाज यावा म्हणून सांगतो, कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतची जी जुनी मुंबई, तिच्या दीडपटीहून जास्त जमीन.

बाबांचा लगेच प्रश्न. "गावं किती उठली?"

मी सांगितलं की बहुतेक दलदल होती, गुरांची कुरणं, थोड्या संत्र्यांच्या बागा, आणि दूरदूर राहणाऱ्या मालकांचे छोटे तुकडे. नाथसागराखाली गेली तशी गावं नव्हती. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, १८ ऑक्टोबर १९६५. म्हणजे तुझ्या डिस्नेच्या घोषणेच्या आधी महिनाही नाही." मग जरा थांबून, "यांनी गाव उठवलं नाही, पण भाव लपवला. आमच्याकडे भाव सगळ्यांना ठाऊक असायचा. हातात पडायला मात्र वर्षं लागायची."

आता पाणी. हे काम वॉल्टने दिलं जनरल जो पॉटर यांच्याकडे. अमेरिकन लष्कराच्या इंजिनिअर दलातला माणूस, पनामा कालव्याच्या प्रदेशाचा १९५६ ते १९६० गव्हर्नर. पॉटरपुढे पेच असा होता की जमीन बांधकामापुरती कोरडी पाहिजे, पण सरसकट सगळं पाणी काढून टाकलं तर आजूबाजूचं सायप्रसचं जंगल मरणार आणि वणवे लागणार. म्हणून चाळीस मैलांहून जास्त लांबीचे कालवे आणि बांध घातले, तेही सरळ रेषेत नाही, तर ओढ्यासारखे वळणावळणाने, म्हणजे पाहणाऱ्याला कालवा वाटूच नये. साडेसात हजार एकरांवर जागा राखीव ठेवली. आणि गेटं बसवली ती फ्लोटवर चालणारी. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर चढलं की गेट आपोआप उघडतं, उतरलं की मिटतं. वीज नको, माणूस नको.

इथे मला वाटलं की बाबा चकित होतील. कसचं काय! "हे विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याला १९०३ साली केलंय," म्हणाले. खरंच आहे की. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्यातच इंजिनिअर झाले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात होते, आणि धरणाची उंची न वाढवता साठा वाढावा म्हणून त्यांनी आपोआप उघडमीट करणारी गेटं तयार केली, त्याचं पेटंट घेतलं आणि ती पहिल्यांदा खडकवासल्याला बसवली. मी त्याच पुण्यात चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, दर रविवारी खडकवासल्याला कणीस खायला जायचो, आणि हे मला ऑर्लंडोच्या निमित्ताने कळलं. :-)

पॉटरच्या कामाचा पुढचा भाग तर बाबांनी दोनदा सांगायला लावला. तिथलं बे लेक हे मूळचं तळं. ते रिकामं केलं, तळाचा गाळ काढला, तर खाली पांढरी वाळू सापडली. शेजारी दुसरं तळं नव्याने खणलं, सेव्हन सीज लगून. या सगळ्यात सुमारे ७० लाख घनयार्ड माती निघाली. तिचं काय करायचं? भूजल इतकं वर की खाली तळघर खणता येत नाही. म्हणून कर्मचाऱ्यांचे बोगदे जमिनीवरच बांधले, खणलेली माती त्यांच्याभोवती भरली आणि त्यावर मॅजिक किंगडम उभं केलं. आपण मुलांचा हात धरून फिरतो ते खरं तर पहिल्या मजल्यावर. खालून सामान जातं, कामगार जातात, कचरा हवेच्या दाबाने नळ्यांतून जातो.

पण वॉल्टला हे सगळं फक्त पार्कसाठी नको होतं, आणि इथे गोष्ट वळते. त्याला शहर बांधायचं होतं. एपकॉट हे त्या शहराचं नाव, उद्याच्या समाजाचा एक प्रायोगिक नमुना अशा अर्थाचं. २० हजार माणसं राहतील, मधला भाग छताखाली, मोटारी जमिनीखालून, लोक मोनोरेलने कामाला जातील. ऑक्टोबर १९६६ मध्ये नकाशासमोर उभं राहून त्याने या बेताची फिल्मही काढली. अटी मात्र मजेशीर होत्या. तिथे कोणाचं स्वतःचं घर नाही, सगळे भाडेकरू, आणि निवृत्त माणसाला जागा नाही.

"म्हणजे मला एन्ट्री नव्हतीच!" बाबा.

फिल्मनंतर दोन महिन्यांच्या आत, १५ डिसेंबर १९६६ ला, वॉल्ट फुप्फुसाच्या कॅन्सरने गेला. वय ६५. फ्लोरिडात तेव्हा इमारतीची एक वीट रचली गेली नव्हती.

शहर काही झालं नाही. पण शहरासाठी मागितलेले अधिकार मिळाले. मे १९६७ मध्ये फ्लोरिडाने कायदा करून डिस्नेच्या जमिनीचा वेगळा जिल्हा केला, रीडी क्रीक नावाचा. रस्ते, निचरा, अग्निशमन, बांधकामाचे नियम सगळं त्यांच्या हातात. अणुवीज केंद्राचीसुद्धा मुभा होती, जे कधी बांधलं नाही. २०२३ मध्ये राजकारण तापलं आणि हा जिल्हा गव्हर्नरने नेमलेल्या मंडळाकडे गेला, नावही बदललं. एपकॉट हे नाव मात्र उरलं. १ ऑक्टोबर १९८२ ला ते उघडलं ते चौथ्या भागात आपण ज्याला पार्क म्हणतो तसंच एक पार्क म्हणून. तिथे कोणी राहत नाही.

आणि आता रॉय. वॉल्टपेक्षा आठ वर्षांनी मोठा. हा पैशाचं बघणारा भाऊ, वॉल्टच्या उड्यांना ब्रेक लावणारा. वॉल्ट गेला तेव्हा रॉय ७३ वर्षांचा, निवृत्त व्हायच्या बेतात. त्याने निवृत्ती पुढे ढकलली. शहर आपल्याला झेपणार नाही हे ओळखलं, पण पार्क पुरा करायचा ठरवला. आणि नुसतं डिस्ने वर्ल्ड म्हणायचं नाही, वॉल्ट डिस्ने वर्ल्ड म्हणायचं, हा त्याचा आग्रह. १ ऑक्टोबर १९७१ ला दारं उघडली. पहिल्या दिवशी साधारण दहा हजार लोक आले, मोठ्यांचं प्रवेशाचं तिकीट साडेतीन डॉलर. २५ ऑक्टोबरला रॉयने औपचारिक उद्घाटन केलं. २० डिसेंबरला तो गेला.

हे मी सांगितलं त्या रात्री बाबांनी काही विचारलं नाही. बराच वेळ टीव्हीकडे बघत होते, टीव्ही बंद होता. मग म्हणाले, "राहिलेलं काम कोणीतरी पुरं करावंच लागतं. तिकिटं काढ. चार."

मी शीट नव्याने केली. चारऐवजी दोनच पार्क, दुपारी सक्तीची विश्रांती. १९९९ मध्ये सुरू झालेला फुकटचा फास्टपास २०२१ पासून गेला आणि रांग टाळायला पैसे मोजावे लागतात, तर तिथेही हात आखडता घेतला. व्हीलचेअरचं बाबांनीच मिटवलं. "साइटवर चालत कोण फिरायचं? जीप असायची. ही जीप समजतो."

मॅजिक किंगडमला जाताना पार्किंगपासून लगून ओलांडावं लागतं, मोनोरेलने किंवा फेरीबोटीने. त्या बोटींपैकी एकीचं नाव 'जनरल जो पॉटर' आहे. हे मी बाबांना मुद्दाम सांगितलं नव्हतं. ती बोट येईपर्यंत आम्ही दोन बोटी सोडल्या. लेक वैतागली. बोटीवरचं नाव वाचलं आणि बाबा खुर्चीतून उठले. कठड्याला धरून उभे राहिले, नातीला जवळ घेऊन पाणी दाखवत म्हणाले, "हे तळं माणसांनी खणलंय बरं का. आणि ही माती तिकडे, तुझ्या त्या किल्ल्याखाली आहे."

"तुम्ही खणलंत, आजोबा?"

"नाही गं. आमच्यातल्याच एकाने."

किल्ल्यासमोर लेकीचा मिकीबरोबर फोटो काढला. बाबांनी तो फोनवर मोठा करून बघितला आणि म्हणाले, "हा मला पाठव. घरी लावायचाय, हिच्या आजीच्या फोटोशेजारी."

चूकभूल द्यावी घ्यावी. तुमचे आईवडील इकडे येणार असतील आणि "आम्हाला काय त्या मिकीचं" म्हणत असतील, तर त्यांचं खातं कोणतं होतं ते आधी आठवून बघा.

लोभ असावा.