अदृश्य जलशोधक

जंतु हा शब्द कानीं पडतांच सुशिक्षित गृहस्थाच्या डोळ्यांपुढें पटकी आणि विषमज्वर उभे राहतात. पाणी गाळावें, उकळावें, त्यांत औषध घालावें, हेंच आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकत आलों. तेव्हां नासलेलें पाणी जंतूंकडूनच शुद्ध करून घेतां येतें, हें विधान प्रथमदर्शनीं विपरीत वाटेल. परंतु तें खरें आहे, आणि त्याचा इतिहास मनन करण्याजोगा आहे.

या कल्पनेचें मूळ सांडपाण्यांत आहे. इ. स. १९१४ मध्यें मँचेस्टर येथें अर्डर्न व लॉकेट या दोघांनीं सांडपाण्यांत हवा खेळवून तळचा जंतुयुक्त गाळ पुनःपुन्हां कामास लावण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यांचे मार्गदर्शक फौलर हे पुढें बंगलोरच्या विज्ञानसंस्थेंत अध्यापक म्हणून आले. पण हौदांतील पाणी डोळ्यांसमोर असतें. भूगर्भांतील पाणी वाळूच्या कणांमधून आणि खडकांच्या भेगांतून, अंधारांत, मंद गतीनें वाहतें. तेथें हात कसा पोंचावा?

हा प्रश्न इ. स. १९७२ मध्यें अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया संस्थानांत अँब्लर या गांवीं उभा राहिला. सन ऑइल कंपनीच्या नळांतून पेट्रोल जमिनींत झिरपलें, आणि गांवच्या पिण्याच्या पाण्यास धोका उत्पन्न झाला. उपसतां आलें तेवढें पेट्रोल उपसलें. पण खडकास आणि मातीस चिकटून राहिलेलें पंपास दाद देईना. कंपनीचे संशोधक रिचर्ड रेमंड यांनीं निराळा विचार केला. पेट्रोलावर जगणारे जंतु त्या भूमींत मुळांतच होते. मग पुढें एवढें अन्न वाढून ठेवलें असतां त्यांनीं तें संपवूं नये कां? उत्तर असें कीं, अन्न होतें, पण प्राणवायु, नत्र आणि स्फुर यांचा दुष्काळ होता. रेमंड यांनीं विहिरींतून हवा व क्षार आंत सोडले, आणि जंतूंनीं आपलें काम केलें. या रीतीचें पेटंट १९७४ मध्यें मिळालें.

यांतील अडचण साध्या हिशेबानें कळते. एक ग्रॅम पेट्रोलाचें पूर्ण विघटन होण्यास सुमारें साडेतीन ग्रॅम प्राणवायु लागतो. आणि हवा खेळविलेल्या एक लिटर पाण्यांत तो अवघा नऊ-दहा मिलिग्रॅम विरघळतो. म्हणजे एका ग्रॅमसाठीं सुमारें ३५० ते ४०० लिटर पाणी! हें काम वर्षानुवर्षें कां रेंगाळतें, याचें हें एक कारण.

दुसरा अध्याय अधिक बोधप्रद आहे. कपडे कोरडे धुण्याच्या आणि यंत्रांवरील वंगण काढण्याच्या कामीं वापरलेले क्लोरीनयुक्त द्रावक अनेक देशांत जमिनींत मुरले. प्राणवायूविना जगणारे कांहीं जंतु त्यांतील क्लोरीनचे अणु एकेक करून काढतात. परंतु वाटेंत व्हिनाइल क्लोराइड हा कर्करोगजनक पदार्थ तयार होतो. काम तेथेंच थांबलें, तर रोगापेक्षां औषध भयंकर! इ. स. १९९७ मध्यें कॉर्नेल विद्यापीठांतील संशोधकांनीं निरुपद्रवी एथिलीनपर्यंत मजल मारणारा जंतु वेगळा करून दाखविला. त्यास डिहॅलोकोकॉइडीझ हें नांव मिळालें. जेथें तो नाहीं, तेथें त्याच्या जातीचे जंतु बाहेरून सोडण्याची रीत पुढें रूढ झाली.

मात्र या सेवकांच्या शक्तीसही मर्यादा आहे. सोमल हें मूलद्रव्य. त्याचें रूप जंतु पालटूं शकतील, परंतु तें खाऊन नाहींसें करूं शकणार नाहींत. म्हणून या इतिहासाचें तात्पर्य जंतूंवर सर्व भार टाकून निश्चिंत व्हावें असें नाहीं. कोणास काय उणें आहे आणि कोणाचें काम कोठें अडतें, हें जाणणें हीच येथें खरी विद्या होती. झरा नासण्यास एका नळाची गळती पुरते. तो पुन्हां निर्मळ होण्यास मात्र ज्ञान लागतें, आणि त्याहून अधिक धीर.