आठवड्याच्या गोळीची कुळकथा

ठिसूळ हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेंड्रोनेटची गोळी आज कितीतरी आज्यांच्या औषधांच्या डब्यात असते. तिचं कूळ मात्र औषधांचं नाही. ते आहे पाण्यातल्या क्षारांचा पांढरा थर नळांत, बॉयलरमध्ये बसू नये म्हणून वापरायच्या रसायनांचं.

रक्तात आणि लघवीत कॅल्शियम-फॉस्फेट एवढं असून ते जागोजागी साचत का नाही, हा प्रश्न स्विस डॉक्टर हर्बर्ट फ्लाइश यांना पडला होता. १९६०च्या दशकात त्यांना उत्तर सापडलं: शरीरातच असलेलं पायरोफॉस्फेट ते साचू देत नाही. मग हेच औषध म्हणून का देऊ नये? पण गिळलेलं पायरोफॉस्फेट आतड्यातली विकरं तोडून टाकत. फॉस्फरसच्या दोन अणूंना जोडणारा ऑक्सिजन काढून तिथे कार्बन असलेली बिस्फॉस्फोनेट्स मात्र विकरांना तुटेनात. ती १९व्या शतकापासून माहीत होती, कारखान्यांत वापरातही होती. साबण आणि टूथपेस्टच्या अमेरिकी कंपनीतले मॅरियन फ्रान्सिस आणि फ्लाइश यांची गाठ पडली. १९६९ मध्ये त्यांचे निबंध 'सायन्स'मध्ये आले.

त्यात मला सगळ्यात मोलाची वाटते ती अनपेक्षित मिळकत. ही द्रव्यं हाडांची झीजही रोखत होती! हाड आयुष्यभर कुरतडलं जातं आणि पुन्हा भरलं जातं. पाळी गेल्यावर कुरतडणं वरचढ होतं. औषध हाडाच्या पृष्ठभागाला चिकटून बसतं, कुरतडणारी पेशी हाडाबरोबर तेही गिळते आणि निकामी होते. १९९५ मध्ये अमेरिकेत ॲलेंड्रोनेटला ठिसूळ हाडांसाठी परवानगी मिळाली. वर्षातून एकदा शिरेतून देतात ते झोलेड्रोनिक ॲसिड याच घराण्यातलं.

कॅल्शियमला घट्ट धरायचा कुळाचा गुण गोळीत उतरला आहे. अनशापोटी घेतली तरी तिचा जेमतेम शेकडा एक भागही रक्तात पोचत नाही. दुधाच्या चहाबरोबर घेतली तर तोही जातो. म्हणून ती पेलाभर साध्या पाण्याबरोबरच घ्यावी. नंतर अर्धा तास काही खाऊ नये, आणि अन्ननलिकेला इजा होऊ नये म्हणून आडवंही होऊ नये. दात काढायचा असेल तर गोळी चालू असल्याचं दंतवैद्याला आधी सांगा, आणि मांडी किंवा जांघ दुखत राहिली तर अंगावर काढू नका.