विदर्भ क्रिकेट संघ (रणजीतील सुरुवातीचा काळ)

विदर्भ क्रिकेट संघ : वर्धा, नागपूर, भंडारा, चांदा, यवतमाळ, अमरावती, अकोला व बुलढाणा या तत्कालीन आठ जिल्ह्यांचा रणजी करंडकातील संघ. पहिला हंगाम १९५७-५८. त्यानंतर उपांत्य फेरीचे तोंड पाहायला या संघाला साठ वर्षे लागली.

संघ जन्मला तो नकाशाच्या उलथापालथीतून. वऱ्हाड-नागपूरचे खेळाडू पूर्वी मध्य प्रांत व वऱ्हाड या नावाच्या संघातून खेळत. त्या प्रांताचे १९५० मध्ये मध्य प्रदेश झाले, राजधानी नागपूरच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि पुढल्याच हंगामात विदर्भाचा स्वतंत्र संघ मैदानात उतरला. मात्र तो मध्य विभागात. कारभार मुंबईचा आणि सामने उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य प्रदेशाशी, असा हा दुहेरी संसार. एकाच राज्यातून मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ रणजीत उतरतात, त्यातला विदर्भाचा धागा असा त्या काळापासूनचा.

विभागीय साखळी पद्धत याच १९५७-५८ पासून सुरू झाली, ही त्यातल्या त्यात नशिबाची बाब. बाद पद्धतीत पहिल्या पराभवालाच गाशा गुंडाळावा लागे. तरी वर्षाला सामने तीन, आणि रेल्वेचा संघ विभागात आल्यावर चार. एवढ्या तुटपुंज्या खेळावर कुणाची घडण होणार? पश्चिम विभागात असते तर मुंबईशी गाठ होती, जिने १९५८-५९ पासून सलग १५ वर्षे करंडक सोडला नाही. पण मध्य विभागही सोपा नव्हता. राजस्थानने १९६०-६१ ते १९७३-७४ या काळात आठ वेळा अंतिम फेरी गाठली (आणि आठही वेळा हरले, हा भाग वेगळा). सलीम दुराणी, हनुमंतसिंग यांच्यासारखे कसोटीपटू त्यांच्याकडे होते.

वर्धा जिल्ह्यासारख्या भागातून खेळाडू निवड समितीच्या नजरेत यायचा म्हणजे आधी नागपूर गाठायचे, जवळपास ७५ किलोमीटर. जमीन कापसाची, काळी. दिवाळीनंतर उन्हाने तिला बोटभर भेगा पडतात. तिच्यावर हिरवळीची खेळपट्टी राखणे खर्चिक, म्हणून लहान गावांतून काथ्याची चटई ताणून, कडेने लोखंडी खिळे ठोकून खेळत. चटईवर चेंडू छातीपर्यंत उसळतो, हिरवळीवर तोच घोट्याशी राहतो. चटईवर तयार झालेला फलंदाज त्यामुळे पुढचा पाय टाकायला बिचकतो. त्यात क्रिकेटचा हंगाम आणि कापूस वेचणीचा हंगाम एकच. हिंगणघाट, पुलगावच्या बाजारात गाड्यांची रीघ लागलेली असताना पोराला तीन दिवसांच्या सामन्यासाठी कोण सोडणार?

नागपूरला गुणवत्तेची वानवा मात्र नव्हती. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू जन्माने (१८९५) नागपूरचेच. पण होळकर दरबाराने त्यांना इंदूरला नेले आणि होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या आठ हंगामांत चार वेळा रणजी जिंकली. संस्थानिकाचा आश्रय कोणाला आणि कोणाला नाही, यातला फरक इथे ढळढळीत दिसतो. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील मैदानाला कसोटीचा मान १९६९ मध्ये मिळाला. त्या सामन्यात भारत न्यूझीलंडकडून १६७ धावांनी हरला. विदर्भाच्या संघातून कसोटी खेळणारा पहिला खेळाडू उमेश यादव. पदार्पण २०११, दिल्ली.

२०१७-१८ मध्ये कर्णधार फैज फजल व प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांच्या काळात उपांत्य सामन्यात कर्नाटकवर अवघ्या ५ धावांनी मात झाली. अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीने त्रिक साधले आणि १ जानेवारी २०१८ रोजी दिल्लीला ९ गडी राखून हरवून विदर्भाने पहिला करंडक घेतला. सामना इंदूरला, होळकर स्टेडियमवर झाला.