होडीचं इंजिन तापतंय? आधी मागची पाण्याची धार बघा

कोकणात खाडीत आणि किनाऱ्याजवळ मासेमारी करणाऱ्या बऱ्याच होड्यांना मागे आउटबोर्ड इंजिन असतं. पर्यटकांना फिरवणाऱ्या स्पीडबोटींनाही तेच. हे इंजिन भर समुद्रात तापून बंद पडलं, तर होडी वारा आणि भरती-ओहोटी नेईल तिकडे जाते. त्यामुळे ते थंड कसं राहतं, हे होडीवरच्या प्रत्येकाला ठाऊक हवं.

इंजिन थंड कसं राहतं?
या इंजिनाला गाडीसारखा रेडिएटर नसतो. खालच्या भागातल्या जाळीतून समुद्राचं पाणी आत येतं. इंपेलर म्हणजे रबरी पात्यांची फिरकी ते वर ढकलते. पाणी इंजिनाची उष्णता घेऊन बाहेर पडतं. त्यातलीच एक बारीक धार मागून उडताना दिसते. धार जोरात असेल तर पंप चालू आहे असं समजावं. धार बारीक झाली किंवा थांबली, तर तो धोक्याचा इशारा.

का तापतं?
• जाळीत प्लास्टिक पिशवी, शेवाळ किंवा गाळ अडकणे
• इंपेलरची पाती झिजणे, तुटणे
• आतल्या वाटांमध्ये मीठ साचणे
• थर्मोस्टॅट अडकणे
• ओहोटीला उथळ पाण्यात गाळ ओढला जाणे

धार थांबली तर काय कराल?
लगेच वेग कमी करा आणि इंजिन बंद करा. नांगर टाकता येत असेल तर टाका. इंजिन वर उचलून जाळीतला कचरा काढा. धार येणारं भोकच बुजलं असेल, तर बारीक तारेने मोकळं करा. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो. थंड झाल्यावर चालू करून बघा. धार तरीही आली नाही, तर रेटून चालवू नका, मदत मागा. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आहे.

रोजची काळजी
खाऱ्या पाण्यातून आल्यावर दहा-पंधरा मिनिटं गोडं पाणी फिरवा. पिंपात फिरवताना पाणी जाळीच्या वर हवं, गिअर न्यूट्रलला हवा आणि पंखा काढलेला हवा. इंजिन कोरडं, पाण्याविना अर्धा मिनिटही चालवू नका, इंपेलर जळतो. नंतर इंजिन उभंच ठेवा, म्हणजे आतलं पाणी निथळेल.

गिअर ऑइलही तपासा. ते दुधासारखं पांढरट दिसलं तर आत पाणी शिरलंय. सील बदलून घ्या, नाहीतर गिअर तापून खराब होतात.

इंपेलर साधारण वर्षा-दोन वर्षांनी बदलावा. जुन्याचं पातं तुटलेलं असेल, तर तो तुकडा आत शोधून काढायला मेकॅनिकला सांगा, नाहीतर नवा इंपेलर बसवूनही पाणी अडेल. १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी सुरू होते, होडी किनाऱ्याला असते. हे काम तेव्हाच उरकून घ्यावं. मोसम सुरू झाला की वेळ मिळत नाही.