भीमाच्या पंगतीला

हे टोक धरा. हो, तुम्हीच! महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या आवारात रिकाम्या हातानं उभं राहिलं की काम गळ्यात पडतंच. साल 1919, गाव कोल्हापूर. चौकटीवर ताणलेलं हे पांढरं कापड तुमच्यापेक्षा उंच आहे. त्यावर पडणारं ऊन उचलून समोरच्या नटाच्या तोंडावर टाकायचं, एवढंच तुमचं काम. इथं सगळं शूटिंग उन्हावर चालतं, आणि ऊन काही जागेवर थांबत नाही.

"अवो पावनं, जरा डावीकडं घ्या की!"

घेतलंत? आता श्वास घ्या. चुलीवर सरस वितळतोय. कातड्या-हाडांपासून केलेल्या त्या डिंकाचा उग्र दर्प नाकातून थेट मेंदूत जातो. त्यात रंगाची भुकटी ढवळून राजवाड्याच्या भिंती रंगवायच्या. मध्येच वारा फिरतो आणि कुठल्याशा गुऱ्हाळावरचा गोड, दाट वास येतो, तेवढाच दिलासा. थंडीचे दिवस असले तरी टाळू तापलीय आणि कोपरांवरून घाम ओघळतोय. विराटाच्या महालाच्या खांबाला टेकू नका! तो कापडाचा आहे. वाऱ्यानं अख्खा महाल फडफडतोय आणि दोघंजण मागून दोर ओढून तो आवरतायत.

ब्रश घेऊन त्या खांबावर सावली काढतायत ते शेख फत्तेलाल, जवळच्याच कागलचे. यंत्राला कान लावून बसलेत ते विष्णुपंत दामले, कोकणातल्या पेणचे. एकाचा जीव रंगात, दुसऱ्याचा यंत्रात. पुढं 1936 साली हेच दोघं 'संत तुकाराम' करणार आहेत आणि व्हेनिसपर्यंत त्याचं कौतुक होणार आहे. आत्ता मात्र त्यांना काही सांगू नका, कामाची घाई आहे.

कॅमेरा जवळ जाऊन बघा, पण हात लावू नका. तो विलायतेहून आलेला नाही, इथंच घडवलाय. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या नात्यातल्या भावांनी त्याचा ध्यास घेतला. आनंदराव 1916 साली गेले. मग बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून तो पुरा केला. एकेक भाग कातायचा, घासायचा, बसवून बघायचा, परत काढायचा. यंत्रशाळेची पायरीही न चढलेल्या माणसांनी हे केलं. मला तर या कॅमेऱ्यापुढं हात जोडावेसे वाटतात.

मूकपट म्हणजे शांतता, असं तुम्ही समजून आला असाल. छे! हँडलची खरखर, कावळ्यांची कावकाव, सुतारांची ठोकाठोक, आणि ऐन शॉटमध्ये नटांना ओरडून दिलेल्या सूचना. फिल्मवर आवाज उमटतच नाही, मग गप्प बसायचं कशाला? हँडल फिरवणाऱ्याच्या ओठांवर मात्र मोजणी चालू आहे. सेकंदाला साधारण सोळा चित्रं हवीत. हात अडखळला तर पडद्यावर भीम उड्या मारत धावेल!

दिग्दर्शक बाबूराव फारसं बोलत नाहीत. वहीत चित्र काढतात आणि ते नटापुढं धरतात, की असा उभा राहा.

आज 'सैरंध्री' या मूकपटातला कीचकवध आहे. बाळासाहेब यादव भीम, झुंझारराव पवार कीचक. दोघं भिडतात तेव्हा धुरळा तुमच्या दातांत करकरतो. चेहऱ्यांवर थापलेला सफेदा घामानं गळ्यापर्यंत उतरलाय. गालाला लाली लावू नका, असं कुणीतरी बजावतंय. या फिल्मला लाल रंग दिसत नाही, लालीचे काळे डाग उमटतील. म्हणूनच तर फिल्म धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत लाल दिवा चालतो.

सावलीत बसलेल्या दोघींकडे बघा. गुलाबबाई आणि अनसूयाबाई. पडद्यावर त्यांची नावं कमलादेवी आणि सुशीलादेवी होतील. सिनेमात उभ्या राहिल्या म्हणून त्यांच्याच लोकांनी त्यांना वाळीत टाकलंय, तेव्हा कंपनीचं आवार हेच आता त्यांचं घर. गावात ज्यांच्याशी कुणी बोलेना, त्या इथं भर उन्हात कॅमेऱ्यापुढं नजर न झुकवता उभ्या राहतात. कंपनीला भांडवल पुरवलं तेही तानीबाई कागलकर या गाणाऱ्या बाईनंच. मराठी सिनेमाच्या इतिहासात या तिघींची नावं पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत हवीत.

ऊन कललं. आता काम नाही. खांदे चोळत काय बसलात? इथं सगळ्यांचा स्वयंपाक एकत्र, सगळ्यांचं जेवणही एकत्र. कोण कुठल्या जातीचा हे विचारून ताट लावण्याच्या काळात कोल्हापुरातली ही पंगत बघून घ्या! भाकरीचा खमंग वास सुटलाय, रश्श्याच्या ठसक्यानं डोळ्यांत पाणी आलंय. भीमाला आणि कीचकाला शेजारी-शेजारीच बसवलंय, कानामागचा सफेदा अजून तसाच आहे.

तुमच्या हातात आता भाकऱ्यांची टोपली आलीय. वाढा पटापट, कीचकाचं ताट रिकामं आहे आणि त्याचा आवाज चढायला लागलाय.