आजीची आगरी आणि आयर्लंडच्या वह्या

आजची गोष्ट भिवंडीतून निघते, आयर्लंडला जाते आणि परत घरी येते.

भिवंडी म्हटलं की आपल्याला यंत्रमाग आठवतात. पण आजूबाजूच्या गावांत गेलात की कानावर आगरी पडते. पाण्याला ‘पानी’, गाडीला ‘गारी’. आता समजा, एखाद्या आगरी घरातल्या मुलीला आजीची ही बोली मोबाइलवर शिकायची आहे. गाणी, विनोदी व्हिडिओ भरपूर मिळतील. पण पहिला धडा, दुसरा धडा असं शोधलं तर फारसं हाती लागत नाही.

आयरिशचं बघा. रोज ती बोलणारे थोडेच, तरी डुओलिंगोवर २०१४ पासून तिचा कोर्स आहे, उच्चार ऐकवणारे शब्दकोश फुकट आहेत. त्याहून मोठा ठेवा वेगळाच. १९३७ ते १९३९ मध्ये तिथल्या सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतल्या मुलांनी घरच्या म्हाताऱ्या माणसांकडून गोष्टी, म्हणी, घरगुती औषधं ऐकून वह्यांत उतरवली. काही इंग्रजीत, काही आयरिशमध्ये. आज ती पानं इंटरनेटवर कुणीही वाचू शकतं. म्हणजे काय, तर इंटरनेटच्या कितीतरी आधी वह्या भरल्या होत्या!

आपल्याकडे? गंमत म्हणजे आपल्या बोलींची मोठी नोंद करणारा जॉर्ज ग्रिअर्सनही डब्लिनजवळच जन्मलेला. त्याच्या भाषा सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ साली निघाला. पद्धत साधी होती: बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्ट सरकारी अधिकाऱ्यांमार्फत प्रत्येक बोलीत लिहून घ्यायची. त्यामुळे एका बोलीची दुसरीशी तुलना करता आली. हा खंड आज ऑनलाइन वाचता येतो. अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेनं गावोगावी जाऊन बोलींची ध्वनिमुद्रणं केली, तीही ऑनलाइन आहेत.

पण सगळ्यांना एकच गोष्ट सांगायला लावली, की त्या बोलीचं स्वतःचं जग बाहेरच राहतं. भाताची लावणी, मिठागर, लग्नात धवलारीण गाते ते धवले, हे त्या गोष्टीत कुठून येणार? ते आजीकडेच आहे. आणि आजी काही कायमची नाही.

तेव्हा या रविवारी मोबाइल आजीसमोर ठेवा. तिला बोलू द्या, मध्ये ‘शुद्ध’ करू नका. गावाचं नाव, तारीख आणि अवघड शब्दांचे अर्थ लिहून ठेवा. धडे नंतर कुणीही बनवेल. आवाज मात्र आत्ताच घ्यावा लागेल.

भेटूया पुढच्या भागात!