बैल, हुंडा, उचल

बिलोलीच्या बसस्थानकावर मराठी, तेलुगू, दखनी आणि गोरमाटी एकाच बाकावर ऐकू येतात. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्य मोडलं. बिलोली मुंबई राज्यात आली, शेजारचं निजामाबाद आंध्र प्रदेशात गेलं. बंजारा तांड्यांच्या सोयरिकी मात्र त्या रेषेच्या दोन्ही अंगांना राहिल्या.

या सोयरिकी कोवळ्या वयात होत. बालविवाहाचा इतिहास आपण बहुधा सारडा कायद्यापासून सुरू करतो. 1 एप्रिल 1930 पासून त्यानं मुलीचं वय 14 ठरवलं, पण ब्रिटिश हिंदुस्थानापुरतं. निजामाच्या मुलखातल्या बिलोलीला तो लागूच नव्हता. म्हणून मी कायदा बाजूला ठेवून देण्याघेण्याचा माग काढत गेलो.

तांडे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहत, त्या लदेणीच्या काळात बैल आणि रोकड मुलाकडून मुलीच्या बापाला जाई. याला मुलीची विक्री म्हणणं खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे. मुलगी गोण्या भरी, पाणी आणी, गुरं राखी. ती गेली की बापाचे दोन हात जात. त्या हातांचं मोल निदान धरलं जाई. मिळे मात्र बापाला.

रेल्वे आली, सडका झाल्या, लदेणी बसली. कोरडवाहू तुकडा आणि रोजंदारी उरली. पुढे आसपासच्या गावांतला हुंडा तांड्यातही शिरला आणि देणं उलटं फिरलं. आता मुलगी थोराड झाली की हुंडा वाढतो, म्हणून लवकर उरकायचं. कारण पालटलं, घाई तीच.

ऊसतोडीनं त्यावर कडी केली. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा पोरगा अर्धा. उचल मिळते ती जोडीवर. आईबाप कारखान्याकडे निघाले की वयात आलेल्या पोरीला तांड्यावर कुणाच्या भरवशावर ठेवायचं? लग्नाची घाई का, असं मी ज्या ज्या आईला विचारलं, तिनं मला हाच प्रश्न परत विचारला. माझ्यापाशी उत्तर नव्हतं. मुलीचे हात आता पुन्हा मोजले जातात, पण वहीत नाव नवऱ्याचं.

2006 च्या कायद्यात मुलीचं वय 18 आहे, आणि गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी. मात्र लागलेलं लग्न एरवी आपोआप रद्द होत नाही. सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत मुलीनं स्वतः न्यायालयात अर्ज करायचा असतो. त्या दोन वर्षांत उसाचे दोन हंगाम येतात, आणि हंगामात ती फडात असते.